बाळूंच्या कसोट्या शून्य नाहीत

नियम एका ओळीचा आहे: ‘खेळाडूने किमान १० कसोटी सामने खेळलेले असावेत.’

पावसाळ्यात आमच्या पूर्णगडात क्रिकेट बंद असतं. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, कातळावरच्या मैदानात पाणी आणि गवत. मग पोरं मोबाइलवर ड्राफ्ट खेळतात. चार मालक, आळीपाळीने एकेक खेळाडू निवडायचा, एकदा घेतलेला दुसऱ्याला मिळत नाही, आणि शेवटी बाकीच्यांनी मत देऊन सांगायचं की कुणाची टीम भारी. या वर्षीचा विषय होता ‘महाराष्ट्राची ऑल-टाइम इलेव्हन’. यात पैशांचा संबंध नाही. पैसे लावायच्या अ‍ॅप्सवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली, त्याच्या आधीही नव्हता. पणाला असते ती फक्त अक्कल.

तरीही त्या एका ओळीवर मला लिहायचंय. कारण ही ओळ आमच्या ग्रुपपुरती नाही. ‘ऑल-टाइम’ नावाने निघणाऱ्या बहुतेक यादीत, व्हिडिओत, क्विझमध्ये ती कुठल्या ना कुठल्या रूपात असते. कुठे १० कसोट्या, कुठे २०, कुठे नुसतं ‘आंतरराष्ट्रीय खेळाडू’. दिसायला निष्पक्ष, स्वच्छ, एका फिल्टरमध्ये बसणारी. माझं म्हणणं असं की ही ओळ निष्पक्ष नाही. ती जुन्या निवड समित्यांचे आणि जुन्या जिमखान्यांचे निर्णय जसेच्या तसे उचलते, आणि आपण आकडेवारी बघतोय असा आपला समज करून देते.

आधी हा नियम कुणाकुणाला घरी पाठवतो ते बघू.

पहिलं नाव सी. के. नायुडू. जन्म नागपूरचा. २५ जून १९३२ ला लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला तेव्हाचा कर्णधार. एकूण कसोट्या ७. म्हणजे १० च्या नियमाने भारताचा पहिला कर्णधारच अपात्र! आमच्याकडे हे लक्षात आल्यावर दोन मिनिटांत तोडगा निघाला: ‘सी. के. ना स्पेशल केस धरू.’ विजय मर्चंट बरोब्बर १० कसोट्या खेळलेले, त्यामुळे ते काठावर वाचले. प्रथम श्रेणीत ७१ च्या वर सरासरी असलेला माणूस, आणि नियमात एकाच आकड्याचा बदल झाला असता तर तोही बाहेर. १९३६ च्या ऑगस्टपासून १९४६ च्या जूनपर्यंत भारत एकही कसोटी खेळला नव्हता. मध्ये महायुद्ध होतं. मर्चंट यांची ऐन उमेदीची वर्षं त्यात गेली. यात त्यांचा काय दोष?

आता ज्यांना ‘स्पेशल केस’ मिळत नाही ते बघा.

भाऊसाहेब निंबाळकर, कोल्हापूरचे. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. नाबाद ४४३. ब्रॅडमनचा तेव्हाचा विश्वविक्रम ४५२ चा. महाराष्ट्र ४ बाद ८२६ असताना काठियावाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला आणि टीम निघून गेली. ९ धावा कमी पडल्या. निंबाळकरांच्या कसोट्या: शून्य.

दि. ब. देवधर. पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक. १९२६ च्या मोसमात एमसीसीविरुद्ध १४८. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोन रणजी करंडक जिंकले. मुंबईविरुद्ध २४६ केले तेव्हा वय होतं ४८. भारताची पहिली कसोटी झाली तेव्हाच ते चाळिशीत पोचले होते. कसोट्या: शून्य.

पद्माकर शिवलकर. मुंबईचे डावखुरे फिरकीपटू. प्रथम श्रेणीत ५८९ बळी. १९७२-७३ च्या रणजी फायनलमध्ये चेपॉकवर तामिळनाडूविरुद्ध १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५. पण त्याच काळात भारताकडे बिशनसिंग बेदी होते आणि त्या जागेवर दुसऱ्याला वाव नव्हता. कसोट्या: शून्य.

अमोल मुझुमदार. रणजी पदार्पणात २६०, पुढे प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा, ३० शतकं. त्याच्यासमोर मधल्या फळीत कोण कोण होतं ते सांगायला नको. खेळाडू म्हणून भारताची टोपी मिळाली नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तोच होता. कसोट्या: शून्य.

आणि आता आमच्या जिल्ह्याकडे या. रत्नागिरीतून १० चा उंबरठा ओलांडतात ते दिलीप वेंगसरकर, जन्म राजापूरचा. ११६ कसोट्या, लॉर्ड्सवर तीन शतकं. त्यांच्याबद्दल वाद असायचं कारणच नाही. पण रत्नागिरीत जन्मलेले रामनाथ पारकर १९७२-७३ मध्ये इंग्लंडविरुद्ध सलामीला आले आणि २ कसोट्यांवर थांबले. चिपळूणजवळच्या कालुस्त्याचे गुलाम पारकर १९८२ ला लॉर्ड्सवर एकच कसोटी खेळले, दोन्ही डावांत मिळून ७ धावा. त्याच कसोटीत वेंगसरकरांनी १५७ केल्या. एका लॉर्ड्स कसोटीत रत्नागिरी जिल्ह्यातले दोघं एकाच संघात होते, ही गोष्ट आमच्या ग्रुपमध्ये कुणालाच ठाऊक नव्हती. कशी असणार? यादी गाळून आली होती आणि पारकर चाळणीतच राहिले होते.

इथपर्यंत कुणी म्हणेल, ठीक आहे, प्रत्येक नियमात काही चांगली माणसं सुटतात. मान्य. पण मग बाळू पालवणकरांचं काय करायचं?

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. आडनावातलं पालवण हे कोकणातलं गाव. तेव्हा अस्पृश्य ठरवल्या गेलेल्या चर्मकार समाजातले. पुण्याच्या इंग्रज क्लबात ते महिना चार रुपयांवर खेळपट्टीची कामं करायचे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायचे. डावखुरी संथ फिरकी. पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाला साहेबांच्या संघाला हरवायचं होतं, तेव्हा या गोलंदाजाची आठवण झाली. मैदानात सवर्ण खेळाडू त्याच चेंडूला हात लावायचे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. जेवणाचं पानही वेगळं.

१९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. त्या संघात बाळू होते आणि भाऊ शिवरामही. १९११ ला पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार होते १९ वर्षांचे पतियाळाचे महाराजा. त्यांची पात्रता कुठल्या नियमात बसत होती हे विचारायची तेव्हा पद्धत नव्हती. संघाने २३ पैकी १५ सामने गमावले. त्या पडक्या दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. प्रथम श्रेणीची पूर्ण कारकीर्द बघा: ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. एवढं असूनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना दिलं गेलं नाही. ते १९२३ साली त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळालं, आणि त्या वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली.

१९३२ ला भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा बाळू ५६ वर्षांचे होते.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण ती इथे नेमकी लागू पडते. डेटाबेसमध्ये शून्य आणि ‘नल’ या दोन वेगळ्या गोष्टी असतात. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. नल म्हणजे मोजायला जागाच नव्हती, रकाना रिकामा. नवशिक्या प्रोग्रामरला पहिल्या महिन्यात जी दटावणी मिळते ती हीच: नलला शून्य धरू नकोस. बँकेत ज्याचं खातंच नाही आणि ज्याच्या खात्यात शून्य रुपये आहेत, ती दोन वेगळी माणसं आहेत. दोघांना एकच समजून हिशेब केलात तर सगळा रिपोर्ट चुकतो, आणि चुकलाय हे दिसतही नाही, कारण गणित बरोबर असतं.

‘किमान १० कसोट्या’ हा नियम नेमकं हेच करतो. बाळूंच्या कसोट्या शून्य नाहीत. तो रकाना रिकामा आहे. शिवलकरांचं प्रकरण वेगळं: रकाना होता, पण दारात एकच खुर्ची होती आणि तिच्यावर बेदी बसले होते. देवधर तिसऱ्याच प्रकारचे: खेळ सुरू होईपर्यंत त्यांचं वय उलटून गेलं. आणि संधी मिळूनही ज्याला जमलं नाही असा एखादा, तो चौथा. चार वेगळी कारणं, चार वेगळी माणसं. फिल्टरला चौघंही सारखेच दिसतात.

यावर सगळ्यात जोरदार उत्तर मला असं मिळालं: ‘कसोटी हा सर्वोच्च दर्जा आहे, ती सोडून दिली तर तुलना कशावर करायची?’ उत्तर चांगलं आहे, म्हणून नीट बघू.

कसोटी हा शिक्का काही दगडावर कोरून आलेला नाही. १८७७ ला मेलबर्नला जो सामना झाला त्याला त्या दिवशी कुणी ‘पहिली कसोटी’ म्हणत नव्हतं. क्लॅरेन्स मूडी नावाच्या ऑस्ट्रेलियन पत्रकाराने १८९० च्या दशकात मागे वळून यादी बनवली आणि कुठल्या सामन्यांना कसोटी म्हणायचं ते ठरत गेलं. १८८९ ला मेजर वॉर्टन यांचा इंग्लिश संघ दक्षिण आफ्रिकेत गेला. तिथल्या दोन सामन्यांनाही कसोटीचा दर्जा नंतरच मिळाला. त्यातल्या केपटाऊनच्या सामन्यात जॉनी ब्रिग्ज या डावखुऱ्या फिरकीपटूने २८ धावांत १५ बळी घेतले. ते आज कसोटीतले बळी म्हणून पुस्तकात आहेत. त्याच प्रकारची गोलंदाजी करणाऱ्या बाळूंनी १९११ ला इंग्लंडमध्ये, इंग्लिश कौंटी संघांविरुद्ध घेतलेले बळी पुस्तकात आहेत, पण कसोटीच्या रकान्यात नाहीत. कारण एका बाजूला मागाहून शिक्का मारणारे लोक होते आणि दुसऱ्या बाजूला नव्हते. ब्रिग्जचे बळी काढून टाका असं मी म्हणत नाही. शिक्का माणसंच मारतात, एवढंच लक्षात ठेवा.

दुसरं, आपल्यापेक्षा जास्त आकडेवेड्या खेळाने हा प्रश्न आपल्या आधी सोडवायला घेतला. अमेरिकन बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमचा नियम आहे: मेजर लीगमध्ये किमान १० हंगाम. काळ्या खेळाडूंना १९४७ पर्यंत मेजर लीगमध्ये घेतच नव्हते, ते आपल्या वेगळ्या निग्रो लीग्जमध्ये खेळायचे. म्हणजे आधी दार बंद ठेवायचं आणि मग विचारायचं, तुम्ही आत किती वर्षं होता? १९७१ मध्ये त्यांनी या खेळाडूंसाठी वेगळी वाट काढली आणि सॅचेल पेज आत आला. सुरुवातीला त्यांच्यासाठी वेगळं दालन करायचं घाटत होतं. लोक भडकले, तो विचार सोडावा लागला. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ मधल्या निग्रो लीग्जना मेजर लीगचा दर्जा दिला. २०२४ मध्ये त्यांचे आकडे मुख्य नोंदींत घेतले, आणि कारकिर्दीच्या फलंदाजी सरासरीत टाय कॉबला मागे टाकून जॉश गिब्सन पहिला आला, ०.३७२. गिब्सन १९४७ च्या जानेवारीत वारला. जॅकी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये उतरला ते त्यानंतर तीनच महिन्यांनी. त्यांनी गिब्सनवर दया केली नाही. त्याचे सामने मोजले, एवढंच.

क्रिकेटनेही उद्या १९११ च्या दौऱ्याला कसोटी म्हणावं अशी माझी मागणी नाही. माझी मागणी त्याहून खूप लहान आहे. चार पोरांनी पावसात खेळायच्या ड्राफ्टचा नियम बदलावा.

‘मग कुणीही कुणालाही घेईल. मी माझ्या काकाला घेतो, तोही तालुक्यात बेस्ट होता.’ हे दुसरं उत्तर. गंमत म्हणजे हे म्हणणारी पोरं पात्रतेच्या नियमांत मुरलेली आहेत. कोकणातल्या टेनिस बॉलच्या स्पर्धांची पोस्टर बघा: ‘तालुका मर्यादित’, ‘गाव मर्यादित’, कुठे कुठे ‘समाज मर्यादित’. सामना सुरू होण्याआधी अर्धा तास आधार कार्डांवर भांडण ठरलेलं. मुंबईत जन्मलेला, नालासोपाऱ्यात वाढलेला चाकरमान्याचा पोरगा गावाकडून खेळणार की नाही? खेळणारच, म्हणतात सगळे, घर गावात आहे, गणपतीला येतो, तो गावचाच. गाव म्हणजे जन्मदाखला नव्हे, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. मग बाळूंचा जन्म धारवाडचा म्हणून ‘ते कर्नाटकात जातील’ असं म्हणताना ही अक्कल कुठे जाते? वेंगुर्ल्याचं मूळ असलेल्या गावसकरांना ‘आपले’ म्हणताना तर १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला हेसुद्धा कुणाला आठवत नाही.

म्हणजे सैल नियम कसा चालवायचा ते आपल्याला येतं. आपण तो आपल्या ओळखीच्यांसाठी वापरतो. नायुडूंना ‘स्पेशल केस’ मिळाली कारण नाव माहीत होतं. बाळूंना मिळाली नाही कारण नाव माहीत नव्हतं, आणि नाव माहीत नव्हतं कारण अशा यादीत ते कधी आलंच नाही. हे चक्र आहे. ‘लगान’मधला कचरा सगळ्यांना पाठ आहे. त्याला संघात घेण्यावरून गावाने घातलेला गोंधळ बघताना आपण सगळे भुवनच्या बाजूने असतो. तो पात्रतेचाच वाद होता, भावांनो. पडद्यावर आपण तो जिंकतो आणि मोबाइलवर हरतो.

न लिहिलेले नियम तर याहून घट्ट. पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी १९७६ साली भारतीय महिलांच्या पहिल्या कसोटीत खेळल्या. लेगस्पिन. एकूण कसोट्या १९. म्हणजे १० चा नियम त्या आरामात पार करतात. तरी चारही मालकांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं, कारण यादी जिथून उचलली ते पान पुरुषांचं होतं आणि कुणाला ते खटकलंही नाही. ‘महाराष्ट्राची ऑल-टाइम इलेव्हन’ या शब्दांत ‘पुरुष’ कुठे लिहिलंय? आणि १० चे २० करून बघा: जवळजवळ सगळ्याच भारतीय महिला बाहेर. मिताली राज दोन दशकं खेळली, कसोट्या १२. नोव्हेंबर २०१४ ते जून २०२१ या काळात भारतीय महिलांची एकही कसोटी झाली नाही. सांगलीच्या स्मृती मानधनाची ती ऐन वर्षं होती. तिथेही रकाना रिकामाच, आणि आपण त्याला शून्य म्हणणार.

शेवटचं उत्तर नेहमीचं: ‘अरे, गंमत आहे, एवढं काय मनावर घेतोस.’ गंमत आहे म्हणूनच. आमच्या ग्रुपमधला पंधरा वर्षांचा पोरगा क्रिकेटचा इतिहास पुस्तकातून वाचणार नाही. रामचंद्र गुहांनी २००२ साली इंग्रजीत बाळूंवर भरभरून लिहिलं, तेही तो उघडेल असं नाही. त्याचा इतिहास म्हणजे ड्राफ्टची यादी. ज्याचं नाव यादीत असेल त्याचे व्हिडिओ तो शोधेल, आकडे पाठ करेल, त्याच्यासाठी भांडेल. ज्याचं नाव नाही तो त्याच्यापुरता जन्मलाच नाही. शाळेच्या पुस्तकात धडा घालायला समिती लागते. ड्राफ्टचा नियम बदलायला चार जणांची संमती पुरते.

म्हणून हा माझा मसुदा. घ्या, सुधारा, वापरा.

एक. खेळाडूने त्याच्या किंवा तिच्या काळात उपलब्ध असलेल्या सर्वोच्च पातळीवर किमान तीन मोसम खेळलेलं असावं. १९३२ आधी ती पातळी म्हणजे मुंबईची तिरंगी, चौरंगी स्पर्धा आणि परदेश दौरे. नंतर कसोटी किंवा रणजी.

दोन. कसोट्यांची किमान संख्या नाही. मात्र निवडणाऱ्याने निदान एक आकडा आणि एक सामना सांगून आपल्या निवडीची बाजू मांडावी. काकाला घ्यायचं असेल तर सांगा काकाचा आकडा.

तीन. ‘महाराष्ट्राचा’ म्हणजे जन्म, मूळ गाव किंवा इथल्या संघाकडून खेळ, यांपैकी एक पुरे.

चार. यादी स्त्री-पुरुष एकत्र.

पाच. ‘स्पेशल केस’ बंद. नियमात बसत असेल तर सगळ्यांना, नसेल तर कुणालाच नाही.

या नियमांनी कुणी वाईट टीम निवडेल का? निवडू दे. मतदानात हरेल. ड्राफ्टची मजाच ती आहे. आणि ११४ बळींचा डावखुरा फिरकीपटू पहिल्या फेरीत कुणी उचलला नाही, तर त्या मालकाला अक्कल नाही एवढंच सिद्ध होईल. ते सिद्ध व्हायला आधी नाव यादीत असावं लागतं.